अनुभव धागा : तोंडातून निघून गेलेलं

मे २०२४मध्ये काँग्रेसचे सॅम पित्रोदा बोलून गेले की पूर्वेकडचे भारतीय चिन्यांसारखे दिसतात आणि दक्षिणेकडचे आफ्रिकन लोकांसारखे. पक्षाने हात झटकले, ८ मेला त्यांनी इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं. त्याआधी २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण झाली, तेव्हा भाजपचे नेते तरुण विजय म्हणाले होते की आम्ही वर्णद्वेषी असतो तर दक्षिणेच्या लोकांबरोबर राहिलो असतो का? मग त्यांनी माफी मागितली. दोन्ही वेळा नाशिकच्या सोमेश्वरला फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात चहा निवेपर्यंत भांडण झालं, कुणाचा माणूस जास्त घसरला यावर. त्याच टोळक्यातल्या एकाला आम्ही ३० वर्षं ‘काळ्या’ म्हणतो.

म्हणून नेत्यांचं नको. स्वतः बोललेलं लिहा, नाहीतर स्वतःवर आलेलं. तापलेलं कशाने निवलं तेही, निवलं असेल तर. नावं नकोत. उपदेश तर मुळीच नको, तो माझ्याकडेच पडून आहे.

अंबड

माझं प्रकरण वंशाचं नाही, प्रांताचं आहे. पण चव तीच. फेब्रुवारी २००८. उत्तर भारतीयांवर हल्ले सुरू झाले आणि अंबड-सातपूरचे कामगार बोचकी घेऊन नाशिकरोड स्टेशनवर जमले. आमच्या शॉपमध्ये मिलिंगवर बिहारचा एक जण होता. मी सुपरवायझर. हसत म्हणालो, ‘‘भैया, पकड आता गाडी.’’ त्याने खरंच पकडली. आठवड्याभरात माल अडकला, मालक म्हणाले, फोन करून बोलवा. मस्टर उघडलं तर तिकडची चार नावं, आणि त्यातलं त्याचं कोणतं ते मला सांगता येईना. चार वर्षं चौघांनाही मी ‘भैया’च म्हणत होतो! शेवटी कॅन्टीनच्या पोऱ्याने सांगितलं. फोन लागल्यावर नाव घेतलं, तर पलीकडे शांतता. मग, ‘‘कौन बोल रहा है?’’

होळी करून आला. आल्यापासून मला ‘साहेब’ म्हणणं त्याने बंद केलं, आडनावाने हाक मारायला लागला. मीही त्याला तसंच. यावर आमचं कधी बोलणं झालं नाही.

देवळाली कॅम्प

बाबा नेपाळी, तोफखान्यात होते, निवृत्तीनंतर इथेच राहिले. मी मराठी शाळेत शिकले. माझा ठरलेला संवाद असा :

‘‘तुम्ही कुठल्या?’’
‘‘देवळाली कॅम्प.’’
‘‘तसं नाही हो, मूळच्या?’’
‘‘लॅम रोड.’’

जानेवारी २०१४मध्ये दिल्लीत लाजपत नगरला निडो तानिया या अरुणाचलच्या मुलाची केसांवरून टिंगल झाली, मग मारहाण, आणि तो गेला. बातमी संपली तसं बाबांनी भावाला खुर्चीत बसवलं आणि त्याचे हौसेने सोनेरी केलेले केस कातरले. कुणीच काही बोललं नाही. ईशान्येच्या लोकांसाठी बेझबरुआ समिती नेमली गेली ती नंतर, आमच्या घरातली कात्री आधी चालली.

मार्च २०२०, भाजीची रांग. मागून आवाज, ‘‘ए कोरोना.’’ असले प्रकार रोखा म्हणून केंद्राने त्याच महिन्यात राज्यांना पत्र पाठवलं होतं, पण पत्र काही भाजीच्या रांगेत येत नाही. मी वळून विचारलं, ‘‘काय रे भो, कोन्च्या गावचा तू?’’ रांग हसली. तो नाही हसला. त्या दिवसापुरतं भागलं. पण दर वेळी मीच का विनोदी व्हायचं?

पंचवटी

काळाराम आणि गोरेराम, दोन्ही देवळं आमच्यापासून चालत जाण्यासारखी. सासूबाई पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या, ‘‘ही थोरली, आमची गोरेराम. आणि ही काळाराम.’’ लोक हसायचे, मीपण. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मलम तेच ना पण?’’ त्यावर मात्र मी मनापासून हसले. माझ्या मुलीने सातव्या वर्षी विचारलं, ‘‘आजी, मी कोणता राम?’’ तेव्हापासून ती ओळख बंद आहे.

इंदिरानगर

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तळमजल्यावर दोन सुदानी विद्यार्थी भाड्याने राहायचे. तक्रारी नेहमीच्या, रात्री आवाज आणि कसला तरी वास. नोटीस मीच लिहिली : ‘परदेशी भाडेकरूंनी सभ्यता पाळावी.’ बोलताना ‘परदेशी’च्या जागी दुसरा शब्द असायचा, तो इथे लिहीत नाही. मीटिंगला त्यांच्यातला एक वही घेऊन आला. एवढंच विचारलं, ‘‘कोणत्या तारखेला?’’ कुणाला सांगता येईना. एका काकूंनी मोठ्या खात्रीने एक शनिवार सांगितला. त्या रात्री दोघंही पुण्याला होते, बसची तिकिटं वहीत चिकटवलेली. आवाज निघाला तिसऱ्या मजल्यावरच्या कार्ट्याचा. तिसऱ्या मजल्यावर आम्हीच राहतो.

माफी कुणी मागितली नाही, मीही नाही. रात्री जाऊन नोटीस काढली, टाचण्या खिशात टाकल्या.

शरणपूर रोड

३२ वर्षं इतिहास शिकवला, त्यातला निम्मा काळ याच रस्त्यावर राहून. ‘शरणपूर’ कशावरून, हे निवृत्तीनंतर वाचलं. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वसाहत वसवली. ब्रिटिश नौदलाने गुलामांची गलबतं पकडली की सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली काही इथे आली, लिहाय-वाचायला आणि हातकाम शिकली. त्यांना ‘नासिक बॉईज’च म्हणत. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिका धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या मोहिमेत होता. १८७३मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले. त्यांचं शव घेऊन वेनराइट इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला. पुढे नाशिकचे बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला जाऊन वसले.

आणि मी वर्गात एका सावळ्या, कुरळ्या केसांच्या मुलाला ‘हबशी’ म्हणायचो. लाडाने, असं मला वाटायचं. मागच्या वर्षी त्याला शोधून काढलं, चहाला बोलावलं, ही सगळी हकिकत सांगितली. ऐकून म्हणाला, ‘‘सर, हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी मिरवलं असतं की.’’ चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

धागाकर्ता

माझं राहिलंच. पित्रोदांचं गाजत होतं त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर मी एक विनोद टाकला, नूडल्सचा. पुतण्याची बायको आसामची, तीही ग्रुपमध्ये आहे हे टाकल्यावर आठवलं. पुसून टाकला. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढी ओळ तिथे राहिलीच, आणि ग्रुपवर दोन दिवस कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

दिवाळीला दोघं नाशिकला आली. फराळ करता करता तिने सहज विचारलं, ‘‘काका, तेव्हा काय टाकलं होतं?’’ तिने वाचलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. खोटं बोलता आलं असतं, पण सांगितलं. तिने चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, ‘‘हा तर मी होस्टेलला असताना ऐकलेला. नवीन काही नाही का?’’ मग चिवड्याचा डबा पुढे ओढला.