मदत हवी आहे: नांगराला क्लच घसरतो, तिसरा गिअर निसटतो

राम राम मंडळी. परभणीकडं आमचा जुना ३५ एचपी ट्रॅक्टर आहे, वडिलांनी घेतलेला, विकायचा नाही. काळ्या रानात नांगर टाकला की इंजिन नुसतं रेस होतं, चाक ओढत नाही, जळका वास येतो. क्लच पेडलचं फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) नीट करून पाहिलं, फरक नाही. क्लच हाउसिंगखालच्या भोकातून थेंब गळतोय. बोटावर घेतला तर इंजिन ऑइलसारखा काळा. इंजिनचं मागचं ऑइल सील जाऊन क्लच प्लेटवर तेल आलं असावं. त्यात चढाला तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो.

मिस्त्री म्हणतात, नुसती क्लच प्लेट टाका. पण ट्रॅक्टर मधोमध खोलायचाच, तर सील, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सोबतच करावं ना? आणि गिअरसाठी आधी काय बघू, गिअर जागेवर धरणारी लॉकची स्प्रिंग-गोळी की गिअर सरकवणारा शिफ्टर फोर्क? पेरणी तोंडावर आलीय, लवकर सांगा.