नवरंगाचा फोटो मिळाला, पण कुणाला दाखवावासा वाटत नाही

मुलुंडकरीण:
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, रविवार सकाळ मी नेचर ट्रेलसाठी राखून ठेवते. कधी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कधी आरे, कधी भांडुप पंपिंग स्टेशन. भाच्याने त्याची जुनी कॅनन २००डी आणि ५५-२५०ची लेन्स दिली आहे. माझ्या बहुतेक फोटोंत पानं झकास येतात आणि त्यांच्यामागे पक्षी म्हणजे काळा ठिपका. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत तो उडालेला असतो.

जुलैतल्या पहिल्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण उद्यानात होतो. सोबतच्या एकाने मोबाइलवर नवरंग पक्ष्याची शीळ लावली. दोन मिनिटांत तो समोरच्या दगडावर येऊन उभा राहिला, छाती पुढे, शेपूट खालीवर. सगळ्यांनी धडाधड फोटो काढले. तो गेला की पुन्हा शीळ, की पुन्हा तो हजर. चौथ्यांदा आला तेव्हा त्याच्या चोचीत गांडूळ होतं. ते तसंच धरून तो मान वळवून वळवून आवाज कुठून येतोय ते शोधत होता.

माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. गांडुळावरची ओली मातीसुद्धा दिसते. पण उघडला की पोटात कालवतं. आवाज न लावता, हीच लेन्स घेऊन, मला बरा फोटो मिळेल का? माझं नेमकं कुठे चुकतंय?

पावशा:
ताई, चोचीत गांडूळ म्हणजे जवळच पिल्लं होती. नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो तो वीण घालायलाच. शीळ ऐकली की त्याला वाटतं हद्दीत दुसरा कुणी घुसला, मग भरवणं टाकून त्याला हुसकायला धावतो. मीसुद्धा पूर्वी हे केलं आहे, आता त्याचं फार वाईट वाटतं. फोटो राहू द्या, फक्त टाकताना जागा लिहू नका. आणि पुढच्या वेळी कुणी मोबाइल काढला तर तिथल्या तिथे ‘बंद करा’ म्हणा. एकाने म्हटलं की बाकीचेही बोलतात, हा माझा अनुभव आहे.

टाचणी:
लेन्स पुरेशी आहे. काळा ठिपका येतो कारण मागे आभाळ असतं आणि कॅमेरा त्या उजेडाला फसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते, +१ करा. बगळ्यांना उलट, -१, नाहीतर पिसं पांढरीफट्ट होतात. फोकसचा एकच मधला पॉइंट ठेवा, म्हणजे कॅमेरा पानं पकडणार नाही. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद तरी हवा. पावसाळ्यात झाडांखाली त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० लागला तर लागू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. भांडुपला खाडीच्या भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात.

रुईवाला:
सेटिंगचं वर आलंच आहे. मला वाटतं तुमची अडचण चालण्याची आहे. वीस जणांच्या मागे दोन तास चालून पक्षी पाहता येतात, फोटो मिळत नाहीत. महिनाभर एकच झुडूप धरा. मी आरेत रस्त्याकडेची एक रुई धरली आहे, तिसरं वर्ष चालू आहे. सकाळी भुंगे येतात, फुलांवर शिंजीर हा चिमुकला पक्षी येतो. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा (बारीक किडे) असतो आणि तो खायला ढालकिडे. बिबळ्या कडवा तर हमखास. हे फुलपाखरू रुईच्या पानांवर एकेक अंडं घालतं. रुईचा विषारी चीक अळीच्या अंगात उतरतो, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत आणि ते अगदी निवांत उडतं. शिकायला याहून चांगलं फुलपाखरू नाही.

डबक्याकाठी चतुर दिसला आणि उडाला तर हलू नका. फोकस त्याच्या काडीवरच ठेवा, बहुतेक वेळा तो तिथेच परत येतो. हळदीकुंकू फुलपाखरू पंख मिटून बसलं की टिपा, पिवळा-लाल रंग पंखांच्या खालच्या बाजूला असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आरेत किंवा उद्यानाच्या कडेला पहाटेच्या अंधारात एकटं वाकून बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही.

मुलुंडकरीण:
उशिरा लिहितेय. रुईसाठी आरेपर्यंत जावंच लागलं नाही. आमच्या मारुतीच्या देवळामागे भिंतीला लागून चार झाडं आहेत. पहिल्याच शनिवारी एका पानाखाली अंडं दिसलं, खसखशीपेक्षा किंचित मोठं. तेवढ्यात हारवाल्या मावशी पानं तोडायला आल्या. मी अंडं दाखवलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढी फांदी सोडते गं.” आता दर शनिवारी त्या ती फांदी सोडूनच पानं तोडतात.

अळीचे फोटो जमले. काळे-पांढरे पट्टे, त्यावर पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान करवतीसारखं कातरत कडेने खाली येते. शटर १/२५०, आयएसओ १६००, आणि ओल्या भिंतीला टेकवलेलं कोपर. एकाच शनिवारी चाळीस मिनिटं तिथे उभी होते, अळीने माझी दखलही घेतली नाही.

मागच्या रविवारी देवळाच्या पन्हळीखाली हिरवा कोश लटकलेला दिसला, कडेला सोनेरी मण्यांची ओळ. आज संध्याकाळी तो काळपट झाला आहे आणि आतून केशरी पंख दिसताहेत. उद्या ऑफिसला उशिरा येईन असं कळवलं आहे. मावशी सहा वाजता देवळाचं फाटक उघडून ठेवणार आहेत.