युद्ध किती दिवस चालणार हे सगळी खाती मिळून ठरवतात का, की ज्याची त्याची वही वेगळी?

मांजलपूरकर
7 मे 2025 च्या मॉक ड्रिलला (युद्धात दिवे बंद करायचा सराव) आमच्या वडोदऱ्याच्या सोसायटीत मस्त गंमत झाली. सायरन वाजला, लोकांनी घरातले दिवे बंद केले, पण बागेतले सोलरचे दिवे सेन्सरवाले, आजूबाजूला अंधार झाला की ते अजूनच झकास पेटतात आणि त्यांचं बटण कुठेय ते कुणालाच ठाऊक नाही, शेवटी वॉचमनने त्यांच्यावर गव्हाची रिकामी पोती घातली. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. एवढ्याशा सोसायटीत सूचना देणाऱ्याने धरलेलं आणि आम्ही धरलेलं जुळत नाही, तर देशपातळीवर कसं होत असेल? लष्कर दारूगोळ्याचे दिवस मोजतं, पेट्रोलियमवाले तेलाचे, रेल्वे वॅगनचा हिशोब करते, मग हे सगळे "युद्ध" म्हणताना एकच युद्ध धरतात का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, टीव्हीवरचं नको.

रावपुरा_रिटायर्ड
प्रश्न चांगलाय. युनियन वॉर बुक म्हणून एक गोपनीय दस्तऐवज असतो, कुठल्या टप्प्याला कुठल्या खात्याने काय करायचं ते त्यात असतं. पण आकडे बघ. सीएजीच्या (सरकारी हिशोब तपासणाऱ्या) 2015 च्या अहवालात आलंय की तीव्र युद्धाच्या 40 दिवसांचा दारूगोळा हवा, लष्कराने किमान 20 दिवसांची रेघ मारलेली, आणि मार्च 2013 ला तपासलेल्या 170 प्रकारांपैकी 85 प्रकार 10 दिवसांच्याही खाली. आता तेलाकडे ये. विशाखापट्टणम, मंगळूर, पाडूर इथल्या जमिनीखालच्या गुहांत मिळून 53.3 लाख टन क्रूड म्हणजे कच्चं तेल मावतं, सरकारी भाषेत साधारण साडेनऊ दिवस. पण हा दिवस शांततेतला, 2019-20 च्या खपावर काढलेला. लष्कराचा दिवस तोफा धडधडण्याचा, तेलवाल्यांचा दिवस तू-मी स्कूटर घेऊन न्यायमंदिरला जाण्याचा. दोन्हीला दिवसच म्हणतात म्हणून बेरीज-वजाबाकी होत नाही.

आणि पहिला दिवस कुठून धरायचा तेही ठरायला हवं. 2001 च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान सीमेवर फौज लावायच्या मोहिमेत, म्हणजे ऑपरेशन पराक्रममध्ये मुख्य फौजा सीमेवर लागायला जवळपास तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत एक गोळी झडली नाही तरी डिझेल जळतंच, वॅगन अडकतातच.

कोयली_बी_शिफ्ट
काका बरोबर, त्यात माझी भर. क्रूड म्हणजे विमानाचं इंधन नव्हे. गुहेत कितीही भरून ठेवा, रिफायनरी चालली तरच त्याचं डिझेल होणार, आणि रिफायनरीला वीज, पाणी, कॅटलिस्ट (तेलावरची रासायनिक क्रिया घडवणारं रसायन) आणि मुख्य म्हणजे शिफ्टला येणारी माणसं लागतात. आमच्याकडे कोयली रिफायनरी 1965 पासून चालू आहे आणि मॉक ड्रिलला वडोदरा पुढे असतं ते उगाच नाही. माणसांचं मात्र कुणी बोलत नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) जा, आर्मीतून सुटलेले कितीतरी मेकॅनिक तिथे मशीनवर दिसतील. फौजेच्या वहीत त्यातले काही अजून रिझर्व्हमध्ये, कारखानदाराच्या वहीत तो डबल शिफ्ट करणार आणि शेजारी होमगार्डच्या यादीतही तोच. एक माणूस तीन ठिकाणी मोजला की कागदावर सगळं भरपूर दिसतं!

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचं हेच झालं, कुशल कामगार धडाधड भरती झाले आणि 1915 ला तोफगोळे कमी पडले, मग काहींना आघाडीवरून परत कारखान्यात आणावं लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्यांनी राखीव धंद्यांची यादीच काढली, कुणाला उचलायचं नाही याची.

फतेगंज_ताई
अमेरिकेत 1942 ला तर सरळ भांडण झालं. लष्कराने मागण्या लिहून दिल्या, इतकी विमानं इतके रणगाडे, आणि युद्धाचं उत्पादन बघणाऱ्या वॉर प्रॉडक्शन बोर्डातल्या सायमन कुझनेट्स वगैरे अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला की अख्ख्या देशाची ताकद लावली तरी एवढं बनणार नाही, आणि जबरदस्ती केलीत तर अर्धवट बनलेल्या मालाचे ढीग पडतील, पूर्ण काहीच होणार नाही. लष्कराच्या पुरवठ्याचे प्रमुख जनरल सॉमरव्हेल इतके चिडले की त्यांनी लिहून पाठवलं, हा अहवाल विचारी माणसांच्या नजरेला पडू नये असा लपवून ठेवा. बरीच तणातणी होऊन शेवटी 1943 चं उद्दिष्ट उतरवलं. आणि मग पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम या तीनच गोष्टी वाटून द्यायची पद्धत आणली, कारण तीन धातूंचा कोटा हातात असला की बाकीचे आपोआप जागेवर येतात. मला ही आयडिया फार आवडते, दोनशे आकडे जुळवण्यापेक्षा अडणाऱ्या दोन-तीन गोष्टी पकडा.

मांजलपूरकर
वा, हे मस्त आहे ताई. म्हणजे सगळ्यांनी एकच गृहीतक धरलं की प्रश्न मिटला?

रावपुरा_रिटायर्ड
नाही रे बाबा, उलटंही होतं. 1919 ला ब्रिटिश मंत्रिमंडळाने ठरवलं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून सैन्याने बजेट करावं. 1928 ला चर्चिल अर्थमंत्री असताना ती दहा वर्षं रोज नव्याने सुरू होतील अशी सोय केली, म्हणजे संपणारच नाहीत. सगळी खाती एका सुरात होती, काडीचा गोंधळ नव्हता आणि गृहीतकच चुकीचं. 1932 ला नियम मोडीत काढला तरी पैसा लगेच आला नाही, तिजोरी रिकामी होती.

आपल्याकडे 2020 पासून सीडीएसच्या (तिन्ही दलांच्या संरक्षण प्रमुखाच्या) हाताखाली लष्करी व्यवहार विभाग आहे, तिन्ही दलांचं तिथे जुळवता येतं. तेल, रेल्वे, वीज, आरोग्य त्याच्या हाताखाली नाहीत, ते वर मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीतच एकत्र येणार. मी असतो तर दरवर्षी प्रत्येक खात्याकडून एकच कागद मागितला असता. किती दिवस धरलेत, कसले दिवस, आणि दुसऱ्या कुठल्या खात्याच्या भरवशावर बसलायत. तिसऱ्या ओळीतच खरी मजा आहे, कारण ज्याच्या भरवशावर बसलेत त्याला बहुतेक ते माहीतच नसतं.

कोयली_बी_शिफ्ट
ती तिसरी ओळ आमच्याकडूनही मागा म्हणावं. आम्ही लिहू, वीज मंडळ आणि बसवाले.