पुण्याची शेवटची रेस, तळाचा क्लास: घोडा कसा निवडायचा?

राजारामपुरीचा_सुश्या
रविवारी मित्रासोबत पुण्याला रेसला चाललोय. शेवटची रेस तळाच्या क्लासची, १२०० मीटर, दहा घोडे. रेसचं कार्ड (घोड्यांची माहितीची यादी) बघून डोकं फिरलं, गेल्या पाच रेसमध्ये एकाचाही पहिला नंबर नाही. कार्डावरच्या एक नंबरच्या घोड्याच्या पाठीवर ६१ किलो वजन, दहा नंबरच्या ५०. मग हलका तोच घ्यायचा का? चार नंबर तीनदा दुसरा आलाय. आठ नंबर १६०० पळत होता, आता पहिल्यांदाच १२०० ला. लावणार दोनशेच.

जुना_नालबंद
सुश्या, ५० किलो म्हणजे घोड्यावर मेहरबानी नव्हं. रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीचे गुण; एका गुणाला अर्धा किलो, असा हिशोब. म्हणजे एक नि दहा नंबरात २२ गुणांचा फरक आहे. हँडिकॅपरच्या, म्हणजे वजन ठरवणाऱ्याच्या मते एक नंबर तेवढा वरचढ, म्हणून तर वजन लादलंय.

वरच्या क्लासात घोडा हरत गेला की रेटिंग उतरतं, मग खाली सोपी जोड मिळते. तळाला आणखी कुठं उतरणार? जत्रेतल्या नारळाच्या कुस्त्यांसारखं आहे हे. नावाजलेला कोणच नसतो, आज कुणाचं काय बदललंय तेवढं बघायचं. एक नंबर वरच्या क्लासातून पहिल्यांदाच उतरला असेल तर ६१ किलोला भिऊ नको.

चार नंबरचं वय बघ. तीन वर्षांचा असेल तर अजून अंगानं भरायलाय. सहा-सात वर्षांचा होऊन एकही जिंकला नसेल तर तो दुसऱ्याच्या सोबतीनं पळणारा. प्लेसला (पहिल्या काहींत येण्यावर) घे, विनला (जिंकण्यावर) नको.

आठ नंबर मागच्या रेसला हजार मीटरपर्यंत पुढं राहून मग ढिला पडला असेल, तर १२०० त्याच्या सोयीचं. शेवटून चाल करणारा असेल तर त्याला वेळच पुरणार नाही.

आता पॅडॉक, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा. माझा जन्म खुरं बघण्यात गेला, त्यामुळं मी तोंड शेवटी बघतो. पुण्याचा सीझन पावसाळी, गवत भिजलेलं. क्लब पेनेट्रोमीटरचा (जमिनीचा मऊपणा मोजायच्या यंत्राचा) आकडा जाहीर करतो, आकडा जास्त तेवढी जमीन मऊ. अशा जमिनीवर पसरट खुराचा घोडा बरा तगतो, असं मला वाटतं. मागचा पाय पुढच्याच्या ठशापलीकडं पडत असेल तर चाल मोकळी. मांड्यांच्या आत पांढरा फेस, मान घामानं काळी, असं दिसलं की पुढच्या घोड्याकडं बघ.

शाहूपुरी_अण्णा
दोनशेची मिसळ खावा की! सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैशावर ४० टक्के जीएसटी आहे. घोडा सुटायच्या आधीच सरकार जिंकलेलं असतंय. आणि फोनवर लावून घेणाऱ्या गल्लीतल्या बुकीच्या नादाला लागू नको, ते बेकायदाच.

जुना_नालबंद
अण्णा, मिसळ कुठं पळून चाललीय? पोराला बघायला शिकू दे. बुकीचं मात्र खरं बोललासा.

राजारामपुरीचा_सुश्या
काका, बघितलं. एक नंबर याच क्लासात चौथ्यांदा पळतोय. चार नंबर सहा वर्षांचा, एकही रेस जिंकलेला नाही. आठ नंबर चार वर्षांचा, मागच्या रेसला शेवटच्या चारशेत ढिला पडलाय. फक्त त्याचा ड्रॉ (सुटायची जागा) नऊ आहे.

जुना_नालबंद
मग माझा आठ. ड्रॉ नऊ म्हणजे वळणावर बाहेरून जास्तीचं अंतर पळावं लागणार, तेवढं खटकतंय. सुटल्या सुटल्या पुढं काढून आत घेणारा जॉकी पाहिजे. शिकाऊ असला तर वजनात सूट मिळते, पण या ड्रॉला मी सूट सोडून जुना हात घेईन. जॉकी कोण आहे, आणि ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदाच लावलेत का, एवढं कार्डावर बघून सांग.