‘काव्यश्रद्धा’ की ‘काव्यविश्वास’? श्रद्धाळू वाचक आणि अद्भुतकथा

रानजाई
एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. देवधर्म मानणारा वाचक अद्भुतकथा आणि विज्ञानकथा वेगळ्या तऱ्हेने वाचतो का, असा विषय. त्यात इंग्रजी कवी कोलरिजचं 1817 मधलं ते प्रसिद्ध ‘विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ’ येतं. मराठीत ‘अविश्वासाचे ऐच्छिक निलंबन’ असं कुठेकुठे वाचलंय, पण ‘निलंबन’ आता सरकारी कारवाईचा शब्द झालाय, तो मी घेणार नाही. ‘अविश्वास बाजूला ठेवणं’ पुरेसं आहे.

खरी अडचण वाक्याच्या शेवटी आहे. या बाजूला ठेवण्यातूनच ‘पोएटिक फेथ’ घडते, असं तो म्हणतो. ही फेथ म्हणजे श्रद्धा की विश्वास? लेखिकेचा सगळा युक्तिवाद या शब्दावर उभा आहे. मी ‘काव्यश्रद्धा’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘काव्यविश्वास’ केलं आणि समासात लिहिलं, ‘श्रद्धा देवावर असते, विश्वास माणसावर.’ मराठीत असा भेद खरंच आहे का?

तर्कतीर
भेद आहे. ‘विश्वासघात’ होतो, ‘श्रद्धाघात’ होत नाही. विश्वास अनुभवाने मोडू शकतो, श्रद्धा मोडायला माणूस तयार नसतो. हिंदीत ‘अंधविश्वास’ म्हणतात, आपल्याकडे ‘अंधश्रद्धा’ रुळला. त्यामुळे मराठीत ‘श्रद्धा’ उच्चारली की तिची ती दुसरी बाजूही सोबत येते. संपादकांचं बरोबर आहे.

लेखाच्या विषयाबद्दलही सांगतो. रसशास्त्रात अद्भुताचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, विस्मय. जे घडणं शक्यच नाही ते घडलं की विस्मय. समुद्र दुभंगतो, रेडा वेद म्हणतो हे ज्याला खरंच वाटतं, त्याला ड्रॅगन उडाला तर त्यात विशेष काय वाटणार? माझ्या मते अद्भुतकथेची पुरी मजा नास्तिकालाच येते.

वसईकर
संपादकांचा भेद आमच्या घरात टिकणार नाही. मराठी बायबलात ‘विश्वास, आशा, प्रीती’ असंच आहे आणि तिथला विश्वास देवावरचाच आहे. वसईत आम्ही ‘श्रद्धा’ही म्हणतो. तेव्हा शब्दावरून देव की माणूस हे ठरत नाही, कोणत्या घरात वाढलात यावर ते आहे.

तर्कतीर, तुमच्या विस्मयाबद्दल. माझ्या एका मावशीने माझ्या हातातून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ काढून घेतलं होतं. जादू म्हणजे पाप. ती एकटी नव्हती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत 2000 ते 2009 या दशकात सर्वाधिक आक्षेप आले ते याच मालिकेवर. आता बघा, तिला जादू खोटी वाटत असती तर तिने पुस्तक काढून घेतलं असतं का? तिला ती खरी आणि धोक्याची वाटत होती. म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा तिच्यावर त्या पुस्तकाचा परिणाम जास्त झाला. फक्त त्याला आनंद म्हणता येणार नाही.

दुसरीकडे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा टॉल्किन. निष्ठावान कॅथलिक माणूस. 1939 साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं, त्यात कोलरिजच्या याच शब्दांवर आक्षेप घेतला. त्याचं म्हणणं असं की लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो. वाचक आत असेपर्यंत तिथलं सारं खरंच असतं. अविश्वास जागा झाला की मंत्र तुटला, कला फसली. मग मुद्दाम अविश्वास दाबून ठेवणं ही फक्त फसलेल्या कथेवरची मलमपट्टी. रानजाई, तुमच्या लेखिकेने हे घेतलंय का?

रानजाई
घेतलेलं नाही, आणि घ्यायला हवं होतं. पण मला शब्द हवाय. ‘श्रद्धा’ लिहिलं तर लेखिकेचा निष्कर्ष मी आधीच वाचकाच्या हातात देते. ‘विश्वास’ लिहिलं तर धर्माशी असलेला धागाच तुटतो.

मोडीवाचक
हा प्रश्न आपल्याकडे कोलरिजच्या कितीतरी आधी येऊन गेलाय, आणि तोही श्रद्धेच्याच अंगाने.

नवव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धन ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात (म्हणजे प्रकरणात) म्हणतो की निव्वळ मानवी राजाने सात समुद्र ओलांडले असं लिहिलं, तर वर्णन कितीही देखणं असो, ते नीरसच होतं. मग तोच शंका काढतो: सातवाहनासारख्या राजांचं नागलोकात जाणं तर ऐकिवात आहे, त्याचं काय? (हा आपल्या पैठणचा सातवाहन. काश्मिरात बसलेल्या माणसाला उदाहरण म्हणून तो आठवावा, हे मला फार मोलाचं वाटतं.) उत्तर असं: ज्याच्याबद्दल जेवढं पराक्रमाचं ऐकिवात आहे तेवढं लिहा, ते शोभतं. त्याच्या पलीकडचं त्याच सातवाहनाच्या नावावर घातलं तर अनुचित.

पुढे त्याचाच टीकाकार अभिनवगुप्त रसाच्या, म्हणजे काव्यनाटकाच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं सांगतो. पहिलंच ‘संभावनाविरह’. ‘असं होऊच शकत नाही’ असं वाटलं की मन त्या वस्तूवर टेकतच नाही, मग रस कुठला? त्यावरचा उपायही देतो: लोकांपलीकडची कृत्यं दाखवायची तर राम वगैरे प्रख्यात नावं घ्या, कारण अखंड प्रसिद्धीमुळे त्यांच्याबद्दल गाढ, रुजलेला ‘प्रत्यय’, म्हणजे खात्री, लोकांच्या मनात असतो.

म्हणजे त्याच्या मते आधीचा विश्वास आस्वादाच्या आड येत नाही, आस्वाद त्याच्यावरच उभा राहतो. माझं मत स्पष्ट आहे: श्रद्धाळू वाचकाला अद्भुतात शिरताना एक पायरी कमी चढावी लागते. आणि रानजाई, तुमचा शब्द हा घ्या: ‘काव्यप्रत्यय’.

खडूफळा
‘प्रत्यय’ आजच्या वाचकाला व्याकरणातला. स, ला, ते. फार तर ‘प्रत्यय आला’ म्हणजे अनुभव आला. अनुवाद आजच्या माणसासाठी असतो. सरळ ‘फेथ’ लिहा देवनागरीत आणि पुढे जा. ‘फँटसी’ नाही का रुळला? ‘अद्भुतिका’ कोण बोलतं?

मोडीवाचक
बोलत नाहीत कारण लिहिणारे लिहीत नाहीत. ‘विज्ञानकथा’ हा शब्द लिहूनच रुजला ना? नारळीकरांच्या पिढीने तो वापरला म्हणून आज शाळेतलं पोरही म्हणतं.

तर्कतीर
नारळीकर आलेच आहेत तर एक बघा. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेणारा माणूस, पण पुस्तकांची नावं ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘प्रेषित’. पुराणातली प्रतिमा घ्यायला पुराणावर श्रद्धा लागत नाही, ओळख लागते. अभिनवगुप्तही ‘प्रसिद्धी’ म्हणतोय, ‘श्रद्धा’ म्हणत नाही. मोडीवाचक, तुम्ही प्रसिद्धीच्या जागी श्रद्धा सरकवलीत.

मोडीवाचक
सरकवलेली नाही. प्रसिद्धीतून ‘गाढ प्रत्यय’ जन्मतो असं तो म्हणतो. नुसत्या ओळखीला कोणी गाढ म्हणत नाही.

निळावंती
आमची आजी ‘नवनाथ भक्तिसार’ वाचायची. चाळीस अध्याय, सोवळ्यात. अस्त्रं सुटतात, मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकतात, गोरक्ष त्यांना आणायला जातो. तुम्ही ज्याला फँटसी म्हणता ते सगळं त्यात आहे. ती रस घेऊन वाचायची, गोरक्ष निघाला की आवाज चढायचा. पण तिने ‘अद्भुत’ हा शब्द कधी वापरला नाही. ती म्हणायची ‘लीला’. तर्कतीर, विस्मय तिलाही व्हायचा. अशक्य ते घडलं याचा नसेल, इतकी कृपा कुणावर व्हावी याचा असेल. तो विस्मय नास्तिकाला कुठून मिळणार?

मात्र मी तिला एक अंतराळयानाची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा तिने विचारलं, ‘हे कोणी सांगितलं?’ गोष्ट रचलेली आहे म्हटल्यावर तिचं लक्षच उडालं. श्रद्धा नाथांच्या कथेत तिला घेऊन गेली, यानात नाही घेऊन गेली. तेव्हा ‘एक पायरी कमी’ हे सरसकट खरं नाही. फक्त तिच्या स्वतःच्या देवळाची पायरी कमी होती.

मोडीवाचक
निळावंती, हे आनंदवर्धनाच्याच बाजूने जातं. जेवढं ऐकिवात आहे तेवढंच.

बाकी ‘लीला’वरून आठवलं. आपण ज्याला ‘चमत्कार’ म्हणतो तो शब्द अभिनवगुप्त रसास्वादासाठी वापरतो. सतराव्या शतकातला काव्यशास्त्रकार जगन्नाथ पंडितही अलौकिक आनंदाला चमत्कारच म्हणतो. काहींच्या मते ‘चमत्’ हा मूळचा चवीने मिटक्या मारल्याचा आवाज. मराठीत तोच शब्द साधुसंतांच्या करणीकडे गेला, आणि ‘चमत्कारिक’ तर विचित्र माणसाला लागला.

खडूफळा
मिटक्यांची व्युत्पत्ती मला पटत नाही. ‘चमकणे’ जवळचं वाटतं.

वसईकर
‘प्रेषित’ राहिलाच. आमच्याकडे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलातलं पुस्तक, मुसलमान शेजाऱ्यांच्या मराठीत प्रेषित म्हणजे पैगंबर. ती कादंबरी लहानपणी मी धार्मिक समजून उचलली आणि हावरटासारखी वाचून काढली.

रानजाई
परवा मजकूर द्यायचाय. श्रद्धा, विश्वास, प्रत्यय. तिन्हीपैकी एक सांगा.

मांडवीकाठ
चौथा देतो. गोव्यात ख्रिस्ती लोक कोंकणीत फेथला ‘भावार्थ’ म्हणतात.

खडूफळा
भावार्थ? ‘पुढील ओळींचा भावार्थ लिहा’ त्यातला? तो तर आशय.

मांडवीकाठ
शाळेतला तो. पण जुन्या मराठीत ‘भावार्थ’ म्हणजे भक्तिभाव, निष्ठा असाही अर्थ आहे. ज्ञानेश्वरीचं नाव ‘भावार्थदीपिका’, त्यात कोणता अर्थ धरायचा?

मोडीवाचक
तिथे आशयच. गीतेच्या भावार्थावरचा दिवा.

निळावंती
दोन्ही का नाही?