जुन्या थ्रॅश बँडचे लाईव्ह अल्बम आणि दौरे : कुठले घ्यावेत, नाशिकहून कसं जावं?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. ऐंशीच्या दशकातले थ्रॅश (हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) बँड स्टुडिओ अल्बममधून व्यवस्थित ऐकून झालेत : स्लेअर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स, टेस्टामेंट, क्रिएटर, एक्सोडस, ओव्हरकिल. आता लाईव्हकडे वळायचंय. पण प्रत्येक बँडचे तीन-चार लाईव्ह अल्बम सहज निघतात आणि त्यात जुन्या टेपा शोधून काढलेलेही आले. जाणकारांकडून सल्ला हवाय.

१. पाच-सहाच घ्यायचे तर कुठले? स्टुडिओत नंतर डागडुजी केलेले शक्यतो नकोत.
२. सीडी, रेकॉर्ड की फाइल? घरी सीडी प्लेअर आणि वायरचे हेडफोन आहेत. टर्नटेबल घ्यायचा विचार चाललाय.
३. यातलं कुणी मुंबईला किंवा बंगळुरूला आलं तर नाशिकहून जाण्या-येण्याचं गणित कसं बसवायचं?

डबलबेस

पहिला प्रश्न घेतो. बँडच्या नावावर निवडू नका. तीन गोष्टी बघा : रेकॉर्डिंग एका रात्रीचं आहे की दहा ठिकाणचं जोडलेलं, त्या दिवशी बँडमध्ये कोण होतं आणि मिक्समध्ये प्रेक्षक कुठे ठेवलेत.

सुरुवात स्लेअरच्या 'डिकेड ऑफ अग्रेशन'ने करा, १९९१ चा. दोन डिस्क. लंडनचं वेम्ब्ली अरीना, फ्लोरिडातलं लेकलँड आणि कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो अशा तीन ठिकाणचं रेकॉर्डिंग आहे, म्हणजे एका रात्रीची अट इथे मोडते. तरी पहिला नंबर त्याचाच, कारण वरून काही थापलेलं नाही. दोन गिटार अगदी दोन टोकांना आहेत, एक डाव्या कानात, एक उजव्या. 'एंजल ऑफ डेथ' लावा आणि हेडफोनची एक बाजू कानावरून काढा. मग तेच दुसऱ्या बाजूने. स्लेअरचे गिटारवादक किंग आणि हॅनेमन एकच रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) वाजवतात, पण प्रत्येकाचा पिकचा मार वेगळा पडतो. दोन्ही कानांनी ऐकलं की ती भिंत कशी उभी राहते ते तेव्हा कळतं. स्टुडिओत एकच माणूस दोन्ही बाजूंची गिटार वाजवून देऊ शकतो, स्टेजवर ती सोय नाही. हा फरक कानाला समजला की पुढचे सगळे लाईव्ह अल्बम वेगळे ऐकू येतात.

स्लेअरचाच 'लाईव्ह अनडेड' (१९८४) यादीत घेऊ नका. त्यातला जमाव खरा की नंतर मिसळलेला, हा वाद जुना आहे. तुमची अट डागडुजी नको अशी आहे, तेव्हा तो नंतर कधीतरी.

दुसरा अँथ्रॅक्सचा 'किंग्ज अमंग स्कॉटलंड' (२०१८). ग्लासगोच्या बॅरोलँडमध्ये फेब्रुवारी २०१७ मधली एकच रात्र. १९८७ चा 'अमंग द लिव्हिंग' अख्खा वाजवलाय. दौऱ्यात एखादा जुना अल्बम पूर्ण वाजवायची पद्धत आता रुळली आहे आणि त्यातून दोन प्रकारचे अल्बम निघतात : पाटी टाकलेले आणि जीव ओतलेले. हा दुसऱ्या प्रकारातला. बॅरोलँड हे नाचाचं जुनं सभागृह, स्टेडियम नाही, त्यामुळे लोकांचं गाणं बँडच्या अंगावर आल्यासारखं ऐकू येतं.

तिसरा ओव्हरकिलचा 'लाईव्ह इन ओव्हरहाउझन' (२०१८). जर्मनीतल्या ओबरहाउझनला एका रात्रीत 'फील द फायर' आणि 'हॉररस्कोप' हे दोन्ही अल्बम पूर्ण. डी. डी. व्हर्नीची बेस गिटार खणखणीत वर आहे. थ्रॅशमध्ये बेस ऐकूच येत नाही म्हणणाऱ्याला हा द्यावा.

एक्सोडसमध्ये निवड गायकावर ठरते. पॉल बॅलॉफचा आवाज हवा तर 'अनदर लेसन इन व्हायोलन्स' (१९९७). बॅलॉफ २००२ मध्ये गेला, त्यामुळे या रेकॉर्डिंगला पर्याय नाही. झेट्रो सूझाच्या काळातला एक्सोडस हवा तर २०२४ मध्ये निघालेला 'ब्रिटिश डिझास्टर'. तो मार्च १९८९ मधला लंडनच्या ॲस्टोरियाचा कार्यक्रम आहे. पस्तीस वर्षं कपाटात राहिलेली टेप इतकी बरी निघणं दुर्मीळ. तरी पहिला बॅलॉफवालाच घ्या.

टेस्टामेंटचा 'लाईव्ह ॲट द फिलमोर' (१९९५) बरेच जण सुचवतील. चांगलाच आहे, पण त्यात ॲलेक्स स्कोल्निक नाही. सोलोंसाठी ऐकणार असाल तर २०१३ चा 'डार्क रूट्स ऑफ थ्रॅश' : स्कोल्निक गिटारवर, जीन होगलन ड्रमवर.

मेगाडेथचा 'दॅट वन नाईट' हा २००५ चा ब्यूनोस आयरेसचा कार्यक्रम, अल्बम निघाला २००७ ला. 'सिम्फनी ऑफ डिस्ट्रक्शन'च्या रिफवर हजारो लोक बँडचं नाव तालात ओरडतात, ते ऐकण्यासारखं आहे.

सातपूर_स्नेअर

वरच्या यादीत क्रिएटर नाही हे पटलं नाही. 'लंडन अपॉकॅलिप्टिकॉन' (२०२०) घ्याच. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या राउंडहाउसला केलेलं रेकॉर्डिंग. आवाज नव्या धाटणीचा, स्वच्छ. गायक मिले पेट्रोझाचा आवाज इतक्या वर्षांनी इतका धारदार राहिलाय ते ऐकण्यासाठी तरी घ्या.

ड्रमबद्दल एक गोष्ट, कारण नवीन लाईव्ह अल्बम निवडताना ती कळीची ठरते. बऱ्याच नव्या रेकॉर्डिंगमध्ये बेस ड्रमवर ट्रिगर असतो. पायाचा ठोका पडला की सेन्सर आधीच साठवलेला आवाज वाजवतो. वेगवान डबल बेसमध्ये (दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रममध्ये) प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा आणि सारख्याच आवाजाचा आला तर समजा ट्रिगर आहे. खरा माइक असेल तर दमलेल्या पायाचे ठोके हलके होत जातात, डावा आणि उजवा पाय वेगळे कळतात. ट्रिगर म्हणजे फसवणूक मुळीच नाही. मोठ्या मैदानात, त्या वेगात, नुसत्या माइकवर बेस ड्रमचा चिखल होतो, म्हणून तो लावतात. पण स्लेअरचा ड्रमर लोंबार्डो, त्याचे पाय ऐकायचे असतील तर १९९१ च्या 'डिकेड ऑफ अग्रेशन'कडेच जायला हवं.

डबलबेस

क्रिएटरचं मान्य. मेगाडेथच्या जागी नको, सहाव्यानंतर सातवा म्हणून घ्या. आणि ध्वनिचित्रफीत चालणार असेल तर मेटॅलिकाच्या १९९३ च्या 'बिंज अँड पर्ज' संचातला सिएटलचा १९८९ चा कार्यक्रम. '...अँड जस्टिस फॉर ऑल'च्या स्टुडिओ अल्बममध्ये न्यूस्टेडचा बेस जवळजवळ पुसलेला आहे. त्याच दौऱ्यात तीच गाणी बेससकट कशी होती ते इथे ऐकू येतं.

टेपवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : तुमच्याकडे प्लेअर आहे तर सीडीच. लाईव्ह अल्बम साधारण सत्तर ते शंभर मिनिटांचा असतो. रेकॉर्डची एक बाजू अठरा ते बावीस मिनिटांची बरी. त्याहून लांबवली की खाचा बारीक होतात, आवाजाची पातळी आणि बेस कमी करावा लागतो. म्हणजे दोन किंवा तीन रेकॉर्ड, आणि दर वीस मिनिटांनी टाळ्या मावळून बाजू संपते. लाईव्हचा सलगपणा तिथेच तुटतो. शिवाय बाजूच्या शेवटच्या गाण्यात, मधल्या भागाजवळ, सिंबल (ड्रमच्या झांजा) आणि 'स' फाटतात. थ्रॅशमध्ये सिंबल सतत असतात, म्हणून ते लगेच जाणवतं.

तरी टर्नटेबल घ्यायचाच असेल तर वजन जुळवता येणारा आर्म बघा. एटी-व्हीएम९५ई सारख्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) २ ग्रॅम लागतात. स्वस्त, वजन न बदलणाऱ्या टर्नटेबलवर सुई साधारण साडेतीन ग्रॅमने टेकते. वाजतं, पण खाच जास्त झिजते. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. डबल बेसची थरथर सुईत परत शिरते आणि घूं असा आवाज वाढत जातो.

परदेशातून मागवताना पाठवणी, कस्टम ड्यूटी, त्यावर आयजीएसटी आणि कुरिअरची हाताळणी फी धरूनच किंमत काढा. रेकॉर्ड जड, म्हणून सीडीपेक्षा पाठवणी कितीतरी महाग पडते.

सीडी कॉम्प्युटरवर उतरवणार असाल तर इथे नीट लक्ष द्या, लाईव्ह अल्बम इथेच बिघडतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, फॉरमॅट फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारा). दोन गाण्यांमधलं टाळ्यांचं आणि बोलण्याचं अंतर मागच्या गाण्याला जोडायची सेटिंग मुळातच असते, ती तशीच ठेवा. अंतर वगळायची सेटिंग लागली तर टाळ्या कापल्या जातात आणि पुढचं गाणं धाडकन सुरू होतं. एमपी३ केलं तर फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि प्लेअरला ती काढता आली नाही तर प्रत्येक गाण्याला उचकी लागते. फ्लॅकमध्ये हा प्रश्न येत नाही. मोबाइलवर ऐकताना क्रॉसफेड (गाणी एकमेकांत मिसळणं) शून्यावर, गॅपलेस (मध्ये खंड न पाडणं) चालू, आणि आवाज समान करणारी सेटिंग बंद.

डीव्हीडी घेताना रीजन बघा. भारत ५, अमेरिका १, युरोप २. संगीताच्या बऱ्याच डीव्हीडी रीजन ० असतात, त्या कुठेही चालतात. ब्लू-रेला भारत सी, युरोप बी, अमेरिका ए.

देवळालीकर

प्रवासाचं सांगतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला स्पीकर बंद, हा नियम आहे. म्हणून मुख्य बँड साधारण साडेआठच्या आसपास चढतो. महालक्ष्मी रेसकोर्सवर कार्यक्रम असेल तर बाहेर पडायलाच पाऊण तास धरा. तिथून दादर गाठायचं आणि नाशिकरोडला थांबणारी रात्रीची लांब पल्ल्याची गाडी पकडायची. मध्यरात्रीनंतर सुटणारी महानगरी सोयीची. पण तिकीट काढताना तारीख सांभाळा : शनिवारी रात्रीच्या कार्यक्रमानंतर बाराच्या पुढची गाडी म्हणजे तिकीट रविवारच्या तारखेचं. शनिवारचं काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. वेळ आणि थांबे त्या आठवड्यात पुन्हा तपासा.

नेरूळच्या डी. वाय. पाटीलला असेल तर दादरला जाऊच नका. नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे आणि गाडी ठाण्याला किंवा कल्याणला धरा. आरक्षण करताना चढण्याचं स्टेशन तेच टाका.

चौघं असाल तर कार परवडते. जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू आहे, त्यामुळे रात्री कसारा घाट टाळता येतो. पण गाडी चालवणाऱ्याने दुपारी झोप काढलेली हवी. पाच-सहा तास उभं राहून, मानेची वाट लावून, मग पावणेदोनशे किलोमीटर चालवणं धोक्याचं आहे. तसा माणूस नसेल तर मुक्काम करा.

बंगळुरूला रेल्वेने जायचं तर मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेस, नगर-दौंड-सोलापूर मार्गे. मुंबईला किंवा पुण्याला उलटं जायची गरज नाही. थ्रॅशच्या बाबतीत बंगळुरूकडे डोळा ठेवाच : मेटॅलिका २०११ मध्ये आणि क्रिएटर व स्लेअर २०१२ मध्ये तिथेच वाजवून गेले.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन उपप्रश्न. कानासाठी काय घ्यावं? आणि लाईव्ह अल्बमबरोबर गिटार वाजवताना सूर जुळत नाही, ते कशामुळे?

डबलबेस

सुराचं सोपं आहे. वय वाढलं की गायकाला वरचे सूर जड जातात, म्हणून बँड गिटार खाली उतरवतात. मेटॅलिका नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून स्टेजवर अर्धा सूर खाली वाजवते. १९८९ चं सिएटल मात्र गिटारच्या नेहमीच्या ई सुरावटीत आहे. मेगाडेथ अलीकडच्या वर्षांत पूर्ण एक सूर खाली, म्हणजे डी मध्ये. स्लेअर जुन्या काळापासूनच ई फ्लॅटमध्ये. डी पर्यंत उतरवायचं तर तारांचा संच १०-४६ ऐवजी १०-५२ (तारांच्या जाडीचे आकडे) घ्या, नाहीतर जाड तार ढिली पडून पाम म्यूटमध्ये (तळहाताने तार दाबून वाजवताना) भणभणते. गिटारला फ्लॉइड रोज ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेला) असेल तर दर वेळी सूर बदलू नका, स्प्रिंगांचा तोल जातो आणि सगळ्या तारा पुन्हापुन्हा लावत बसावं लागतं.

सातपूर_स्नेअर

कानाचं. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. थ्रॅशचा कार्यक्रम १०० च्या वरच असतो आणि दीड तास चालतो, तेव्हा इअरप्लग हवेतच. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे चालतात, फक्त ते नीट बसवायला हवेत. बोटांत फिरवून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवायचा. फुगला की सोडायचा. आरशात समोरून प्लगचं टोक बाहेर आलेलं दिसलं तर तो बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. फोममध्ये गिटारची धार बोथट होते. रबराच्या चकत्यांचे, संगीतासाठी केलेले प्लग आवाज सगळीकडून सारखा कमी करतात, शक्य असेल तर तेच घ्या. दारात शिरण्याआधी घाला, आत गर्दीत हात वर करायला जागा मिळत नाही.

देवळालीकर

आणि तिकीट काढण्याआधी दौऱ्याचे ताजे सेटलिस्ट (वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या) बघा. फेस्टिव्हलमध्ये जुन्या बँडला तासभरच मिळतो, स्वतःच्या कार्यक्रमात दीड तास. दोन्हींचं तिकीट सारखं पडत असेल तर बँडच्या स्वतःच्या कार्यक्रमाला जा. निरोपाचा दौरा म्हणून घाई करायची का, हा प्रश्न येईलच. स्लेअरने नोव्हेंबर २०१९ ला निरोप घेतला आणि २०२४ ला परत स्टेजवर आले. सेपल्टुराचा निरोपाचा दौरा २०२४ पासून सुरू झाला. मेगाडेथने ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटचा अल्बम आणि निरोपाचा दौरा जाहीर केला. मेगाडेथचा गायक मस्टेन, त्याचं वय आणि २०१९ मधला घशाचा कर्करोग बघता मेगाडेथचं मी खरं धरीन. भारताची तारीख पडली तर त्याच दिवशी तिकीट काढा, गाडीचं आरक्षण दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा.