शब्दचर्चा : प्लवक, बहर आणि ‘लाल भरती’

सई_के
किनाऱ्यावर लावायच्या एका माहितीफलकाचा मजकूर मराठीत करतेय. विषय अरबी समुद्रातलं प्लँक्टन. ‘प्लवक’ शब्द रूढ आहे, तोच घेतलाय. पुढे ‘पाण्यावर तरंगणारे अतिसूक्ष्म जीव’ असा खुलासा टाकलाय. चालेल का? ब्लूमसाठी, म्हणजे प्लँक्टनच्या एकदम होणाऱ्या वाढीसाठी, फुलोरा, बहर की उद्रेक? त्यामुळे पाण्याचा रंग बदलतो त्या ‘रेड टाइड’साठी एका बातमीत ‘लाल भरती’ वाचलं, ते मनाला पटलं नाही. आणि समुद्रातलं खोल पाणी वर येतं त्या अपवेलिंगला तर काहीच सुचत नाहीये. फलक शाळेतली मुलं आणि कोळीवाड्यातली माणसं वाचणार, त्यामुळे तोंडात बसणारे शब्द हवेत.

जुनी_पाटी
‘प्लवक’ संस्कृत ‘प्लु’ धातूवरून आला. प्लवते म्हणजे तरंगतो, पोहतो, शिवाय उड्याही मारतो. म्हणून वानर प्लवंग आणि बेडूक प्लव. होडीलाही प्लव म्हणतात. शाळेतलं ‘प्लावक बल’ याच घरातलं. प्लँक्टन हा शब्द मात्र व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली ग्रीकवरून घडवला, आणि त्या ग्रीक शब्दात भटकणं आहे, वाट फुटेल तिकडे जाणं आहे. आपल्या शब्दात तरंगणं आलं. फरक बारीक आहे, पण आहे.

दोनापावला
बारीक नाही हो, खुलाशात नेमका तोच नडतोय. ‘तरंगणारे’ आणि ‘अतिसूक्ष्म’ दोन्ही काढा.

आधी तरंगणं. डायटम हे एकपेशी शैवाल घ्या. मराठीत त्याला ‘करंडक वनस्पती’ असं देखणं नाव आहे, कारण त्याचं सिलिकाचं कवच दोन भागांचं असतं आणि एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. हे कवच जड. पाणी निवांत राहिलं तर बहुतेक डायटम हळूहळू खाली बसतात. वारा आणि लाटा वरचं पाणी घुसळत राहतात म्हणून ते उजेडात टिकतात. म्हणजे तरंगणं हा त्यांचा गुण नव्हे, पाण्याचे उपकार.

आता आकार. जेलीफिशसुद्धा प्लवकच. काही जातींची छत्री दोन मीटरच्या वर जाते. दुसऱ्या टोकाला प्रोक्लोरोकॉकस हा जीवाणू. याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. १९८८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत तो कुणाला माहीत नव्हता, आणि पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवांत संख्येने सगळ्यात जास्त तोच मानला जातो. उष्ण समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात लाखभर सापडू शकतात. या दोघांना एका शब्दात बसवतं ते एवढंच की पाण्याचा ओढा नेईल तिकडे त्यांना जावं लागतं.

अमोल_मस्कत
पण मग कोपेपॉड? ते तर पोहतात. रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात, असं वाचलंय.

दोनापावला
पोहतात, आणि चांगले पोहतात. तांदळाच्या दाण्याहून लहान जीव, वल्ह्यांसारखे पाय मारत काही जाती रोज शेकडो मीटर खालीवर करतात. दिवसा मासे बघून खातात, म्हणून हे अंधारात दडी मारतात. पण आडव्या प्रवाहापुढे त्यांचं काही चालत नाही. वर गेले तर वरचा प्रवाह नेतो, खाली गेले तर खालचा. सई, खुलासा असा करा : ‘प्रवाहाविरुद्ध पोहू न शकणारे, पाण्याबरोबर वाहत जाणारे जीव’. ‘सूक्ष्मजीव’ वेगळं, ‘प्लवक’ वेगळं. पहिलं आकारावरून ठरतं, दुसरं जगण्याच्या रीतीवरून. समुद्राच्या तळाच्या चिखलातला जीवाणू सूक्ष्मजीव आहे, प्लवक नाही.

सई_के
हे घेतलं. मग ‘वनस्पतीप्लवक’ आणि ‘प्राणीप्लवक’?

जुनी_पाटी
समासात पहिलं पद ऱ्हस्व : वनस्पतिप्लवक, प्राणिप्लवक, जीवाणुप्लवक. प्राणिसंग्रहालय लिहितो तसंच. लिंगाचं म्हणाल तर लोक ‘ते प्लवक’ आणि ‘ती प्लवके’ दोन्ही लिहितात. मी ‘बालक-बालके’च्या चालीवर नपुंसकलिंगी घेईन, पण फलकात एकच काहीतरी ठेवा. एका परिच्छेदात तीन लिंगं वाचलीत मी.

सांगोला_डाळिंब
ब्लूमबद्दल बोलतो, समुद्राशी माझा संबंध फक्त ताटातला. ‘बहर’च घ्या. आमच्याकडे डाळिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार असतात. बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, मग खत-पाणी एकदम सोडायचं, की झाड फुटतं. बहार म्हणजे नुसती फुलं नाहीत. अडवून ठेवलेलं काहीतरी मिळालं की एकदम उसळणारी वाढ, आणि तीही ठरलेल्या हंगामाला.

दोनापावला
दादा, तुम्ही समुद्रविज्ञानाचा अर्धा तास वाचवलात. फक्त आमच्या बागेत पाणी मुबलक, तुटवडा खताचा. वरच्या थरात उजेड आहे, पण नायट्रेट, फॉस्फेट संपलेलं. मेलेले जीव आणि विष्ठा खाली जातात, तिथे जीवाणू ती कुजवतात, त्यामुळे खत साठतं अंधारात. उजेड वर, खत खाली. दोघांची गाठ पडली की बहर.

अरबी समुद्रात ही गाठ वर्षातून दोनदा पडते. एकदा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला, आणि आपल्या बाजूला मुख्यतः केरळ-दक्षिण कर्नाटकात. दुसरी हिवाळ्यात, समुद्राच्या उत्तर भागात. ईशान्येकडून कोरडा, गार वारा येतो, पृष्ठभागाचं बाष्पीभवन वाढतं, पाणी थंड आणि जड होऊन बुडतं, थर मिसळतात आणि खालचं खत वर येतं. कडक उन्हाच्या प्रदेशात थंडीने समुद्र पिकावा ही गंमतच. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली याचा नीट उलगडा मांडला.

अमोल_मस्कत
बहर शब्दाला माझा अर्धा विरोध. इथे हिवाळ्यात ओमानच्या आखातात पाणी हिरवंगार होतं. वाटाण्याचं सूप सांडल्यासारखं, वर साय धरलेली, आणि वास येतो. त्याला बहर म्हणायला जीभ रेटत नाही. २००८-०९ मध्ये तर दुसऱ्याच एका शैवालाने या भागात आठ महिन्यांहून जास्त मुक्काम ठोकला, मासे मेले आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद ठेवावे लागले. तो उद्रेक.

दोनापावला
तुम्ही बघताय ती हिरवी नॉक्टिल्युका. एकच पेशी, पण टपोरी; हातात पाणी घेतलं तर साबुदाण्याच्या कणीसारखी डोळ्यांना दिसते. वाढणारी पेशी आतल्या अमोनियममुळे हलकी असते, म्हणजे ही मात्र खरोखर तरंगते. हिच्या पोटात हिरवे सूक्ष्म शैवाल राहतात, स्वयंपाक ते करतात. वर ही डायटमही गिळते. दोन्ही हातांनी जेवणारी. हिचा लाल प्रकार वेगळा, त्याच्या पोटात असे भाडेकरू नसतात. रात्री लाट फुटताना निळसर चमक दिसते ती बऱ्याचदा नॉक्टिल्युकाची. पेशीला धक्का बसला की उजेड पडतो.

पूर्वी उत्तर अरबी समुद्राचा हिवाळी बहर प्रामुख्याने डायटमचा असे. २००० नंतर तिथे हिरवी नॉक्टिल्युका जोर धरू लागली. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकल्यामुळे तिला संधी मिळतेय. हे कारण सगळ्या संशोधकांना मान्य नाही. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यातही तिचे बहर नोंदले गेलेत. पण अन्नसाखळीचा प्रश्न खरा. डायटमना कोपेपॉड खातात, कोपेपॉडना मासे खातात. नॉक्टिल्युका मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक प्राणी) आणि जेलीफिशच्या वाट्याला जाते, आणि जेलीफिशला आपल्या बाजारात फारसं गिऱ्हाईक नाही.

म्हणून माझं मत : घटनेला ‘बहर’, आणि नुकसान झालं तर ‘घातक बहर’. ‘उद्रेक’ म्हटलं की रोग आला असं वाटतं. बहुतेक बहर निरुपद्रवी असतात, उलट त्यावरच मासळी पोसते. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मच्छीमारांना मासळीची संभाव्य ठिकाणं कळवते, ती उपग्रहाला दिसणारं हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान बघूनच. ‘फुलोरा’ मात्र नको. फुलं नाहीत, मुलं शोधत बसतील.

जुनी_पाटी
‘शैवालबहर’ जोडशब्द कसा?

दोनापावला
सरसकट नको. मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम किनाऱ्यावर पाण्यावर भुश्श्यासारखे तपकिरी-पिवळट पट्टे दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम. पूर्वी त्याला नीलहरित शैवाल म्हणत, पण तो जीवाणू आहे. वारा पडलेला, समुद्र सपाट, खत संपलेलं, अशा दिवसांत तो माजतो, कारण हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन तो स्वतःच पकडतो. गरिबीत श्रीमंत होणारा. चार्ल्स डार्विनने १८३२ मध्ये ब्राझीलजवळ पाहिलेलं तांबूस पाणी याच्याच कुळातलं मानतात. तेव्हा ‘प्लवकबहर’ लिहा, त्यात सगळे मावतात.

सई_के
आणि लाल भरती?

जुनी_पाटी
खोडून टाका. कोळीवाड्यात भरती म्हणजे चंद्राचं काम : उधाणाची (मोठी), भांगाची (लहान). तिथे ‘लाल भरती’ वाचलं तर माणसं तिथी विचारतील. इंग्रजीतला ‘टाइड’ही इथे भरतीचा नाहीच, आणि पाणी दरवेळी लालही नसतं. ‘पाण्याचा रंग बदलतो : कधी लाल, कधी हिरवा, कधी तपकिरी’ असं सरळ वाक्य लिहा. प्रत्येक गोष्टीला नाम लागतंच असं नाही.

अपवेलिंगला ‘उमाळा’ सुचवतो. झऱ्याला उमाळा फुटतो, पाणी खालून वर येतं.

दोनापावला
शब्द गोड आहे, पण उमाळ्याला जोर खालून असतो. इथे खालून कुणी ढकलत नाही. वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं, आणि रिकामी जागा भरायला खालचं गार पाणी वर ओढलं जातं. शिवाय हे पाणी तळाचं नसतं, साधारण शंभर-दोनशे मीटरवरचं; म्हणून ‘तळपाणी’ही नको. मी ‘खालचं पाणी वर येणं’ एवढंच लिहीन.

हा भाग फलकात नीट यायला हवा. वर आलेलं पाणी खताने श्रीमंत असतं, पण ऑक्सिजनने गरीब. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन अतिशय कमी असलेला जाड थर आहे. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ वर नद्यांचं आणि पावसाचं हलकं गोडं पाणी पसरतं, हवा खाली मिसळू देत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला उथळ पाण्यातही श्वास कोंडतो. अशा वेळी तिथले जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात.

अमोल_मस्कत
शेवटचं कुतूहल. जवळा प्लवकात धरायचा का? आमच्या घरी यावरून वाद झालाय.

डोलकर_उरण
मी सांगतो. डोल जाळं आम्ही ओढत नाही. ते एका जागी बांधलेलं, तोंड पाण्याच्या ओढीकडे. पाणी जे आणेल ते आत. उधाणाला ओढ जास्त, म्हणून मासळी जास्त. भांगाला हात हलवत बसायचं. जवळा त्यातच मिळतो. वरच्या व्याख्येने तो तुमचा प्लवक झाला.

दोनापावला
जवळा धरतात प्राणिप्लवकांतच, तुमचं बरोबर. पण काका, डोलीत बोंबीलही येतो, आणि तो मासा आहे.

डोलकर_उरण
बोंबील पोहतो कुठे? बघा त्याला हातात धरून.

दोनापावला
पोहतो, आळशी आहे एवढंच. पुस्तकात तो प्लवक नाही.

सई_के
फलकात जवळा टाकते, बोंबील नाही. काका, डोलीचं तुमचं वाक्य तसंच घेऊ का?

डोलकर_उरण
घे. ‘ओढीकडे’ लिही, ‘प्रवाहाच्या दिशेने’ नको. तोंड उलट बाजूला असतं.